भरलेली रेघ

"आक्का, जरा सरकता का? उजेड अडतोय," नवी म्हणाली.

आक्का सरकली. याच खुर्चीत बसून तिने अर्धं आयुष्य पेशी वाढवल्या होत्या आणि काल आलेली पोरगी आता तिला सरकायला सांगत होती.

नवीने पिपेटच्या बारीक नळीचं टोक डिशच्या तळाला टेकवलं आणि एका दमात खाली ओढलं. तळाला मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या पेशी दाटीवाटीने चिकटून बसल्या होत्या. त्यांच्यामधून भांग पाडावा तशी सरळ मोकळी रेघ निघाली.

प्रयोगशाळा चालवणाऱ्या डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. "वा! हात आहे की यंत्र?"

हे वाक्य आक्काचं होतं. डॉक्टरांचे केस काळे होते तेव्हा तिच्याच रेघेवर त्यांनी ते उच्चारलं होतं. एखाद्याने आपली साडी न विचारता दुसरीला नेसवावी, तसं झालं तिला.

डॉक्टर शोधत होते ते थोडक्यात असं. पेशीच्या अंगावर बाहेरून निरोप येतो. तो आतल्या आत हातोहात पुढे जातो आणि खोल आत एका जनुकाला जागं करतो. ते जागं झालं की पेशी जागा सोडून चालू लागते. कर्करोगात हा निरोप थांबतच नाही, म्हणून रोग आतड्यातून पुढे पसरतो. डॉक्टरांकडे निरोपाची वाट अडवणारं एक औषध होतं. वाट खरंच अडली, तर जनुक गप्प बसेल, पेशी चालणार नाहीत आणि रेघ मोकळीच राहील.

"दोघींची एकेक डिश ठेवू," डॉक्टर म्हणाले. "आणि आक्का, राग मानू नका, पण यापुढच्या रेघा हिलाच द्याव्यात म्हणतो. तुमचा हात हल्ली थरथरतो."

"माझं काय, मी बाटल्या पुसेन," आक्का म्हणाली.

"तसं नाही हो आक्का."

"कसं का असेना."

आक्कानेही आपल्या डिशमध्ये रेघ ओढली. ती मध्येच किंचित वाकडी गेली. दोघींनी औषध घातलं आणि डिश उबेच्या कपाटात शेजारी शेजारी ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. आक्का घरातून निघाली तसा नवरा ओरडला, "आज तरी मला आधी वाढ! त्या पेशींना काय, त्या काही मीठ कमी म्हणत नाहीत."

"म्हणूनच जाते," ती म्हणाली.

प्रयोगशाळेत कोणी नव्हतं. तिने दोन्ही डिश पाहिल्या. आपल्या पेशी तिला मलूल वाटल्या, नवीच्या टवटवीत. खरं तर दोन्हीकडे सारखंच होतं, पण जळक्या डोळ्याला सारखं काही दिसत नाही. रेघ पाहायची असते तेव्हा पेशींना उपाशी ठेवतात. पोटभर मिळालं की त्या वाढतात, पिलावळ होते आणि रेघ गर्दीनेच भरून जाते. मग कोण चाललं आणि कोण जन्मलं, कळायला मार्ग नाही. आक्काने हा नियम किती जणांना शिकवला होता.

तिने सीरमची बाटली काढली. तेच त्यांचं खाणं.

"एवढ्याने काय होतंय," ती पुटपुटली. "खा गं बायांनो. तिच्यापुढे माझी लाज राखा."

सकाळी डॉक्टरांनी दोन्ही डिश पाहिल्या, पुन्हा पाहिल्या. नवीची रेघ मोकळी होती. आक्काची काठोकाठ भरली होती.

"म्हणजे औषध लागू पडलं नाही," ते खचून म्हणाले.

"पण माझी रेघ मोकळी आहे, डॉक्टर!"

"आक्कांच्या हातून चूक व्हायची नाही. तूच औषध भलतं जास्त घातलं असशील. मेल्या असतील पेशी, चालणार कुठून? तू आता काही दिवस बाटल्या धुण्याच्या खोलीत बस. ही वाट आपण सोडून देऊ."

"मी नीट मोजून घातलं होतं! आक्का, तुम्ही शेजारीच होतात ना? सांगा ना यांना."

आक्काला हवं होतं ते सगळं तिच्यापुढे वाढलेलं होतं. खुर्ची, रेघा, कौतुकाचा तो शब्द. फक्त गप्प बसायचं होतं. नवीचे डोळे भरून आले होते आणि ती आक्काकडेच पाहत होती, आईकडे पाहावं तसं.

"मी खायला घातलं," आक्का म्हणाली.

"कोणाला?"

"माझ्या पेशींना. काल येऊन."

"तुम्ही? का?"

"हिच्यापुढे फिक्या दिसत होत्या."

डॉक्टर खाली बसले.

"म्हणजे चालून नाही भरली रेघ?"

"नाही. पिलावळीने भरली. औषध लागू आहे. हिची डिश खरी, हिचीच धरा." मग तिने नवीकडे न बघता म्हटलं, "डोळे पूस. डिशमध्ये पाणी पडेल."

डॉक्टर नवीच्या डिशचे फोटो काढायला वळले. आक्काने आपली डिश उचलून बेसिनपाशी नेली आणि पेशी मारून टाकायची ब्लीचची बाटली घेतली.

नवी मागे आली. "आक्का, मी ओतू?"

"नको. माझ्या आहेत."

तिने ब्लीच ओतलं. पेशी वाढतात त्या गुलाबी पाण्याचा रंग हळूहळू उडत गेला. ते पार बिनरंगाचं होईपर्यंत तिने डिशवरचा हात काढला नाही.