दुसऱ्याची ओ

"रोह्या, ज्याची ओ त्यानंच द्यायची रं! पाणी ऐकतंय."

आईचा हा आवाज चऱ्होलीच्या घाटावरचा, तीस वर्षांपूर्वीचा. आम्ही पोरं इंद्रायणीत डुंबायचो आणि ती काठावरून एकेकाचं नाव घेऊन हाक मारायची. कुणी बुडी मारून बसला असला की त्याची ओ मी द्यायचो. ती चिडायची, मला हसू यायचं.

ती खोड पुढे चाकणच्या कंपनीत कामाला आली. शिफ्टच्या सुरुवातीला सुपरवायझर नावं वाचतो आणि ज्योतीरामची बस पाच मिनिटं उशिरा येते. "ज्योतीराम?" मागून मी आवाज बदलून, "आहे, सर!" अकरा वर्षं झाली. तो लातूरचा, मी इथला. दोस्ती या एका शब्दावर.

तीन आठवड्यांपूर्वी आम्ही मालवणला गेलो होतो. ज्योतीराम आणि त्याची बायको योगिनी स्कूबा रीतसर शिकलेली, म्हणून ती दोघं खोल गेली. मला बोट लागली. कठड्यावर डोकं टेकून मी ओकत होतो आणि बोटवाला ज्ञानदेव कागदावरून नावं वाचत होता. ज्योतीराम? "आहे." योगिनी? "आहे." तोंडातून गेलंच. वाटलं, असतील मागे. इंजिनाच्या घरघरीत आवाज कुणाचा, कुणाला कळतो? बोट निघाली.

ती दोघं प्रवाहाबरोबर लांब गेली होती. पाच तास जवळचा खुणेचा नारिंगी फुगा वर धरून, एकमेकांचे पट्टे बांधून तरंगत राहिली. संध्याकाळी एका मासेमारी होडीला तो फुगा दिसला, म्हणून आज रविवारी पिंपळे गुरवच्या त्यांच्या घरी मी सकाळचा चहा पीत होतो.

"पिनकोड मागायलंय बघ हे!" ज्योतीराम मोबाईलवर खेकसला. तक्रारीचा फॉर्म चौथ्यांदा भरत होता. "ठिकाण लिहिलं समुद्र. समुद्राचा पिनकोड कुठून आणू, भावा?"

"आपला टाका," योगिनी आतून म्हणाली.

"टाकला की! तर म्हणतंय जिल्हा चुकला."

फोनही करून झाले होते. बंदराच्या ऑफिसनं पोलिसांकडे धाडलं, पोलिसांनी परत या फॉर्मकडे.

"ज्योत्या, ऐक ना..."

"थांब रे, ओटीपी आला." आला आणि मुदत संपली. त्यानं मोबाईल सोफ्यावर आपटला. "आणि तो ज्ञानदेव! काल फोनवर म्हणतो, साहेब, नावं वाचली, दोघांची ओ ऐकली. पाण्याखालून ओ दिली का आम्ही? खोटारडा! धंदा तर बंद पडलाच आहे त्याचा, आता परवानाच घालवतो."

मी पुन्हा तोंड उघडलं. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि योगिनीच्या हातून पातेलं पडलं. समुद्रात ती पाच तास शिट्टी फुंकत होती. तिच्या हाकेला कुणीच ओ दिली नव्हती.

"मरू दे, कागदावर लिहितो," ज्योतीराम म्हणाला. भराभरा लिहून त्यानं कागद माझ्यापुढे सरकवला. "साक्षीदार तू. कर सही."

'नावे न वाचताच बोट नेली.' मी पेन खाली ठेवलं.

"नावं वाचली होती त्यानं."

"तुला काय ठाऊक? तू तर ओकत होतास, राव."

"व्हय, ओकत होतो," मी म्हणालो. "आन् तुमच्या दोघांची ओ मीच दिली."