दोन माणसांचं मशीन

मशीन घ्यायला निघालेल्या माणसानं सोबत अस्वलाचा कान नेऊ नये, असा काही कुठे नियम नाही. तरीही वहिनींनी पिशवीतून तो काढून काउंटरवर ठेवला, तशी दुकानातली पोरगी दोन पावलं मागे सरली.

"चावत नाही तो," वहिनी म्हणाल्या. "शिवायचाय. तुमच्या मशीनला जमतंय का ते बघू."

पोरीनं आधीच सुती कापडाची घडी सुईखाली सरकवून ठेवली होती. शिलाई मशिनांच्या दुकानात ही एक ठरलेली लबाडी असते. सुती घडीवर कुठलंही मशीन शहाण्या मुलासारखं वागतं. वहिनींनी ती घडी बाजूला केली आणि कान पुढे केला. कान म्हणजे लांब केसांच्या खोट्या फरचे दोन तुकडे, आत अस्तर, आणि डोक्याला जोडायच्या जागी दुमडून झालेले चार थर. सुईजवळची पट्टी पार वर उचलली तरी त्याखाली तो मावेना. कसाबसा कोंबला, तर मशीन दोन टाके घालून रुसलं. त्याच्यावर फुलापानांच्या नक्षीची किती बटणं होती! पण अस्वलाच्या कानावर फुलं काढायला वहिनी आल्या नव्हत्या. शिंकत शिंकत त्या पोरीनं काळ्या ओढणीवरची तपकिरी लव झटकली आणि म्हणाली, "काकू, याच्यावरचं मशीन आहे, पण ते कारखान्यातलं. किंमत पण तशीच."

किंमत ऐकून वहिनींनी कान पिशवीत टाकला.

हा सगळा वेळ राजे दाराजवळच्या खुर्चीवर मूग गिळून बसले होते. राजे म्हणजे वहिनींचे नवरे. हौशी नाटकमंडळीत जन्मभर राजाच्या भूमिका केल्या, म्हणून राजे. आणि राजांची बायको सगळ्या मंडळींचे कपडे शिवायची, म्हणून ती सगळ्यांची वहिनी. राजांचा आवाज असा, की विंगेत खोकले तरी शेवटच्या रांगेतला माणूस सावरून बसायचा. मग घशाचं ऑपरेशन झालं. दुखणं गेलं, पण जाताना आवाज घेऊन गेलं. मागे उरली ती कुजबुज. कुजबुजणाऱ्या माणसाला लोक हटकून "काय म्हणालात?" असं विचारतात, आणि तेही ओरडून, जणू बिघाड त्याच्या कानातच आहे. चार-दोन वेळा असं झालं आणि राजांनी बाहेर जाणंच टाकलं. खिडकीशी बसायचे. मंडळींपैकी कुणी आलं, तर झोपल्याचं सोंग घ्यायचे. सोंग उत्तम वठायचं, कारण शेवटी नट तो नटच.

वहिनींना हे बघवत नव्हतं. म्हणून मंडळींचे दिग्दर्शक, ज्यांना सगळे मास्तर म्हणत, ते मुलांच्या नव्या नाटकाचा विषय घेऊन आले, तेव्हा वहिनींना त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. नाटकात एक अस्वल होतं. नाचायचं, पडायचं, मुलांना मिठीत घ्यायचं. बोलायचं मात्र एक अक्षर नाही. "राजांशिवाय दुसरं कुणी नको मला," मास्तर म्हणाले. राजे ना हो म्हणाले, ना नाही. वहिनींनी त्याचा अर्थ होच, असा लावून टाकला आणि फर आणली. काळजी एवढीच होती, की हे अस्वल उभं राहिलं नाही, तर आपला माणूस त्या खिडकीतून पुन्हा उठणार नाही.

पण उभं राहायच्या आधीच घोडं अडलं. वहिनींचं जुनं प्लॅस्टिकचं मशीन आधीच किंचाळणारं. चालू झालं की शेजारचे खिडकी लावून घेत. अस्वलाच्या पहिल्या पायावर त्यानं सुया मोडल्या, दुसऱ्या पायावर धूर काढला आणि कायमचं गप्प झालं. त्याच दिवशी राजांच्या कोपरावर काळानिळा डाग दिसला. "काय झालं हो?" असं वहिनींनी विचारलं, तर त्यांनी दाराकडे बोट दाखवलं. दार लागलं. वहिनींच्या डोक्यात मशीन. त्यांनी मलम लावलं आणि विसरूनही गेल्या.

मशीन घ्यायला जाताना मात्र राजे आपणहून चपला घालून उभे राहिले. वहिनींचा जीव भांड्यात पडला. अस्वलानं त्यांना उंबऱ्याबाहेर तर काढलं!

तर त्या चकचकीत दुकानातून दोघं जुन्या मशिनांच्या दुरुस्तीच्या दुकानात आले. तिथला मिस्त्री बोलका. त्यानं कान हातात घेतला, उलटसुलट केला, आणि विचारलं, "अस्वल का कुत्रं?"

"अस्वल."

"मग लोखंडीच लागणार." त्यानं एका काळ्या, अंगानं भक्कम मशीनवरचं पोतं ओढलं. बंद पडलेल्या शिलाईच्या दुकानातून आलेलं ते धूड. वर सोनेरी वेलबुट्टी होती, पण हात लागून लागून अर्धी पुसलेली. खाली मोटर बसवलेली. मिस्त्रीनं पायाखालचं बटण दाबलं आणि दुकान हादरलं. डब्यातले स्क्रू नाचायला लागले. पण कान! कान सुईखाली गेला आणि पलीकडून शिवून बाहेर आला. चारही थर, एक टाका न चुकता.

वहिनींनी शिवण ताणून पाहिली. सुईच्या टोकानं टिपेत अडकलेले केस उपसून काढले, तशी शिवण दिसेनाशी झाली. त्यांचा चेहरा उजळला. किंमत विचारली, मंडळींनी दिलेल्या पैशांत बसत होती. त्यांनी पाकीट काढलं.

राजांनी त्या पाकिटावर हात ठेवला आणि मान हलवली. नको.

"का?"

पुन्हा मान हलली. तोवर मिस्त्री दुसऱ्या चिंधीवर मोटरची ताकद दाखवायला लागला होता. राजे काहीतरी बोलले. त्यांचे ओठ हललेले वहिनींना दिसले.

"काय?"

राजे पुन्हा बोलले.

"काय म्हणताय?" वहिनी ओरडल्या. आणि ओरडल्याबरोबर इतक्या दिवसांचं सगळं बाहेर पडलं. "नको असेल तुम्हाला अस्वल, तर सरळ सांगा ना! मी मेली वणवण फिरतेय कान घेऊन. बसा खिडकीत! मास्तरांना सांगते मी, आमच्या राजांना खिडकी सुटत नाही म्हणून!"

मिस्त्रीनं घाबरून पाय उचलला. मोटर थांबली. एकदम सगळं शांत झालं आणि त्या शांततेत राजांची कुजबुज नीट ऐकू आली.

"हेच. हेच सांगतोय मी."

"काय हेच?"

"मशीन चालू असलं की मी तुला ऐकू येत नाही." राजे थांबले. त्यांना श्वास घेत घेत बोलावं लागे. "परवा दार नव्हतं लागलं. मी बाथरूममध्ये घसरलो होतो. उठता येईना. तुला हाका मारत होतो."

वहिनींनी त्यांच्या कोपराकडे पाहिलं.

"बऱ्याच मारल्या," राजे म्हणाले. "मग भिंत धरून उठलो."

ज्या माणसाची हाक एके काळी थिएटरच्या दाराबाहेर तिकिटं फाडणाऱ्याला ऐकू जायची, तो ओल्या फरशीवर पडून आपल्याला हाका मारत होता, आणि आपण भिंतीपलीकडे त्याच्याच अस्वलाचा पाय शिवत होतो. वहिनींना रडू आवरेना. परक्याच्या दुकानात रडायचं म्हणजे अवघडच. त्यांनी हातातल्या कानालाच डोळे पुसले, आणि फरनं काही पाणी टिपलं जात नाही हे कळल्यावर पदर घेतला.

"सांगायचं नाही होय मला?" त्या म्हणाल्या.

"किती हौसेनं शिवत होतीस," राजे म्हणाले. "अस्वल नको असं नाही गं. हे मशीन नको."

मिस्त्री पाठ फिरवून उगाचच डब्यातले स्क्रू निवडत होता. वहिनींनी नाक ओढलं आणि त्या लोखंडी धुडाकडे पाहिलं. मशीनला दोष नव्हता. आरडाओरडा होता तो खालच्या मोटरचा.

"मिस्त्री, ही मोटर काढली तर?"

"काढता येते की. हातानं फिरवायचा दांडा आहे याचा, पडलाय कुठेतरी." त्यानं फळीखालून गंजका दांडा शोधून काढला. "पण बाई, नाही जमायचं. एक हात दांड्यावर गेला की कापडाला एकच उरतो. साध्या कापडाला चालतं. हे फरचं सरकतं, दोन्ही हातांनी धरावं लागतं. म्हणजे फिरवायला दुसरा माणूस आला. तेवढ्यासाठी रोज दुसरा माणूस कुठून आणणार?"

वहिनी काही बोलायच्या आत राजे उठले. त्यांनी कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, सिंहासनावर बसावं तसे त्यावर बसले आणि दांड्यासाठी हात पुढे केला.

मिस्त्रीनं दांडा बसवून दिला, तेल सोडलं, आणि मोटरचे पैसे किमतीतून कमी केले. मशीन घरी आलं ते हातगाडीवरून. राजे एका हातानं ते धरून भर बाजारातून गाडीबरोबर चालत होते. वाटेत मंडळींतला एक ओळखीचा भेटला. "काय राजे, कुठे निघालात?" असं त्यानं विचारलं. राजांनी उत्तर दिलं, त्याला ऐकू आलं नाही. पण राजांनी ते दुसऱ्यांदा सांगितलं, हे वहिनींनी मनात टिपून ठेवलं.

मग दुपारी दुपारी अस्वल उभं राहायला लागलं. वहिनी ब्लेडनं फर मागच्या बाजूनं कापायच्या, म्हणजे केस तुटत नाहीत. लव खालच्या दिशेला आहे ना, हे दोघं हात फिरवून बघायचे. मग वहिनी दोन्ही हातांनी कापड धरायच्या आणि राजे शेजारी बसून दांडा फिरवायचे. मशीन आता टकटक एवढंच बोलायचं.

"थांबू?" राजे कुजबुजायचे.

"चला, चला. आता वळण आलं, हळू. अहो हळू! घोडा नाही हाकायचाय."

"राजाला हुकूम सोडतेस?"

"राजा होतात तेव्हा होतात. आता अस्वल आहात."

आणि खरं सांगायचं, तर इतकं बोलणं त्यांच्यात आवाज होता तेव्हाही झालं नव्हतं. तेव्हा राजे बाहेर बोलायचे आणि घरी येऊन झोपायचे. एकदा पाठीची लांब शिवण चालली असताना राजे मध्येच एका जुन्या राजाचं भाषण म्हणायला लागले. ऑपरेशननंतर प्रथमच. मोठ्या आरोळीची जागा आली, तीही त्यांनी तशीच कुजबुजत म्हटली. वहिनींनी मान वर केली नाही. त्यांना भीती वाटली, की आपण बघितलं तर हे थांबतील.

शेवटी डोकं राहिलं. मास्तरांनी कागदावर अस्वलाचं तोंड मिटलेलं काढून दिलं होतं. बोलायचंच नाही तर उघडं कशाला, हा त्यांचा हिशेब. कान लागले, गाल लागले, नाक लागलं. कापड फिरवत फिरवत वहिनी तोंडाच्या रेघेपाशी आल्या, आणि त्यांनी पट्टी वर उचलली.

"थांबा."

राजांनी दांडा धरून ठेवला. "काय झालं? दोरा?"

"दोरा नाही," वहिनी म्हणाल्या. "इथे टीप घालायची नाही."

"मास्तरांनी मिटलेलं काढलंय."

"काढू दे."

त्यांनी कापड पुढे ओढलं, दोन ओठांमधली जागा तशीच सोडली आणि हनुवटीपासून पुन्हा सुई टेकवली. राजांनी दांडा फिरवला. शिवण संपल्यावर वहिनींनी डोकं सुलटं केलं आणि ते राजांच्या डोक्यावर चढवलं. समोर तपकिरी अस्वल बसलं, स्टुलावर, लेंगा घालून. वहिनींना हसू फुटलं. मग अस्वल काहीतरी बोललं. जाड फरमधून नुसती हवा आल्यासारखं वाटलं.

वहिनी उठल्या, जवळ गेल्या आणि त्यांनी न शिवलेल्या त्या जागेला आपला कान लावला.

"सांगा आता."

"मास्तरांना कळव," अस्वल म्हणालं. "येतो म्हणावं."