कपाटातली लिफ्ट

आमच्या ग्रुपमधल्या मुलाला मी इस्त्री म्हणते. कुठलाही आवाज त्याच्या हाती द्या, तो त्याच्या सगळ्या सुरकुत्या काढून परत आणतो. श्वास काढतो, ओठ मिटल्याचा आवाज काढतो, खुर्ची हलली तर तेही काढतो. एकदा माझा खोकला त्याने इतक्या सफाईने काढला की ऐकताना मलाच बरं वाटायला लागलं. आमच्या साउंडच्या कोर्समध्ये असा माणूस ग्रुपमध्ये मिळणं भाग्याचं समजतात. ज्यांना तसं वाटतं त्यांनी त्याला खुशाल घेऊन जावं, मी दारापर्यंत पोचवायला येते.

प्रोजेक्ट साधं होतं. दहा मिनिटांचं श्राव्यनाटक करायचं. माणसांचे आवाज, संगीत, इफेक्ट, सगळं स्वतः रेकॉर्ड केलेलं हवं. इंटरनेटवरून टाचणी पडल्याचा आवाजसुद्धा उचलायचा नाही, अशी मॅडमची तंबी होती. आमचं नाटक बंद पडलेल्या लिफ्टचं. आत एक बाई अडकली आहे आणि लिफ्टमधल्या फोनवरून मेकॅनिक तिच्याशी बोलतोय. बाई मी. लिफ्ट म्हणजे आमच्या घरातलं लोखंडी कपाट, खालचा कप्पा रिकामा करून. मेकॅनिक व्हायला वर्गातला एक हिरो मोठ्या तोऱ्यात तयार झाला होता, तो ऐन वेळी आलाच नाही. फोनही उचलेना. मी कपाटात गुडघे पोटाशी घेऊन बसलेली, इस्त्री बाहेर रेकॉर्डर धरून उभा, आणि आईचं एकच पालुपद, "माझ्या चादरी कुठे टाकल्यास?"

तेवढ्यात दादा कामावरून आला.

माझा थोरला भाऊ खरोखरचा लिफ्ट मेकॅनिक आहे. आणि तो अडखळत बोलतो, अगदी लहानपणापासून. कामावर त्याचा जोडीदार लोकांशी बोलतो आणि हा मुकाट्याने हत्यारं चालवतो. घरात त्याची वाक्यं आई पूर्ण करते. त्याने "पा" म्हणायचा अवकाश, पाण्याचा पेला हातात. त्याला हवा असतो पाना. गेल्या महिन्यात त्याला वरची जागा मिळत होती, पण तिथे अडकलेल्या लोकांचे फोन घ्यावे लागतात म्हणून हा नको सांगून आला. तेव्हापासून माझं डोकं फिरलेलं आहे. त्याच्यावर, आईवर की सगळ्या जगावर, ते मात्र ठरत नाही.

मी कपाटातूनच ओरडले, "दादा, मेकॅनिकचं तूच बोल ना!"

तो बुटाची नाडी सोडत होता. बराच वेळ सोडत राहिला. मग म्हणाला, "आ... आधी मी ऐकणार. मी नको म्ह... म्हटलं, तर वर्गात ल... लावायचं नाही."

"कबूल."

आवाज फोनमधून आल्यासारखा वाटावा म्हणून त्याने स्टीलच्या पेल्यात तोंड घातलं. "घा... घा... घाबरू नका. मी आ... आलोय." कपाटातल्या काळोखात ते ऐकताना मी खरंच श्वास धरून बसले होते. अडकलेली बाई मी, आणि माझी सुटका त्याच्या पुढच्या शब्दावर. नाटक मीच लिहिलं होतं, पण एवढं चांगलं लिहिलं नव्हतं.

रेकॉर्डर कॉलेजचा. परत करताना त्यातलं कार्ड पुसून द्यावं लागतं, त्यामुळे फाइल फक्त इस्त्रीकडे राहिली. तुकडे जोड आणि आण, एवढंच मी त्याला सांगितलं होतं. अगदी एवढंच.

प्रोजेक्ट द्यायच्या आदल्या दिवशी तो लॅपटॉप घेऊन घरी आला. दादाला सुट्टी होती, म्हणून त्यालाही ऐकायला बसवलं. इस्त्रीच्या चेहऱ्यावर लग्नाला निघाल्याचा आनंद होता, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. त्याने बटण दाबलं.

"घाबरू नका. मी आलोय. दारापासून लांब उभ्या राहा."

दादाचाच आवाज, पण सरळ आणि गुळगुळीत, बातम्या दिल्यासारखा. आणि दोन वाक्यांच्या मधे इस्त्रीने कीबोर्डवर वाजवलेलं रडकं संगीत. लिफ्टमधली बाई बहुधा वारली होती.

"अडखळणं कुठे गेलं?" मी विचारलं.

"काढलं!" तो छाती फुगवून म्हणाला. "अगं, एक 'घाबरू' तर मी तीन तुकड्यांतून शिवलाय."

"आणि हे नाटक सहा मिनिटांत संपलं कसं?"

"वाढवायला म्हणून तर संगीत घातलं ना."

"मूळ फाइल दे."

तो छताकडे बघायला लागला. "त्याच्यावरच सेव्ह केलं. लॅपटॉपमध्ये जागा नव्हती."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मूळ फाइलला हात लावायचा नाही, हे आम्हाला पहिल्याच तासाला शिकवतात. आम्ही एकाच बाकावर बसून शिकलो आहोत. मी तोंड उघडणार, एवढ्यात दादा म्हणाला, "पु... पुन्हा लाव."

इस्त्रीने पुन्हा लावलं. दादाने आणखी एकदा लावायला लावलं. तो पुढे वाकून, हात गुडघ्यांवर ठेवून ऐकत होता आणि हळूहळू हसायला लागला होता. असं हसताना मी त्याला कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं. "हे... हेच दे," तो म्हणाला.

शेवटचा शब्द त्याचा, हे मीच कबूल केलं होतं. इस्त्री माझ्याकडे असा बघत होता की त्याला लॅपटॉपसकट कपाटात कोंडावंसं मला वाटलं.

आवाज ऐकून आई आतून आली. "हा आपला?" ती मटकन खुर्चीत बसली. तिचे डोळे भरून आले. "बघ गं, कसा छान बोलतोय! मला पाठव हे. मावशीला ऐकवते. नेहमी विचारते, बोलतो का नीट म्हणून. आता ऐक म्हणावं!"

दादाचं हसू थांबलं. "आई, तो मी न... न..."

"नाहीतर काय, तूच!" आई म्हणाली.

तिने नेहमीसारखं वाक्य पूर्ण केलं होतं आणि साफ चुकीचं केलं होतं. दादाने हात लांब करून लॅपटॉप मिटला.

"पे... पेला आण," तो मला म्हणाला.

"पण मी एवढी मेहनत..." इस्त्री म्हणाला.

"तू गप्प बस आणि तुझा मायक्रोफोन काढ," मी म्हणाले. स्वतःचा मायक्रोफोन तो मोज्यात गुंडाळून फिरतो, आणि कोणाला हात लावू देत नाही. आज त्याने निमूट काढून दिला.

चादरी पुन्हा बाहेर निघाल्या. त्या जमिनीवर ठेवायला आई तयार होईना, म्हणून मांडीवर घेऊन ती कपाटाशेजारच्या खुर्चीतच बसली. मी बजावलं, "काही झालं तरी बोलायचं नाहीस."

"मी कशाला बोलू?" ती फणकारली.

मी कपाटात शिरले आणि दार फटीपुरतं उघडं ठेवलं. दादाने पेला तोंडाशी धरला.

"घा... घा..."

आज नेहमीपेक्षा जास्त अडलं. त्याच्या मानेच्या शिरा ताणल्या. "घा..." आईच्या ओठांवर शब्द आलेला मला दिसत होता. तिला राहवेना. ती अर्धी उठली, खुर्ची करकरली. दादाने पेला न हलवता नुसते डोळे तिच्याकडे वळवले. आई तशीच अवघडून थांबली. मग सावकाश खाली बसली, आणि खुर्ची पुन्हा करकरली. तिने चादरीचं टोक दातांत धरलं. आत मी श्वास धरून होते, आणि ह्या वेळी मला नाटक करावं लागत नव्हतं.

"...घाबरू नका. मी आ... आलोय."

पुढची सगळी वाक्यं त्याने म्हटली. अडखळत, पण एकही न गाळता.

नंतर इस्त्री टेबलाशी हेडफोन लावून बसला. दादा त्याच्या मागे उभा होता. "झकास झालंय," इस्त्री म्हणाला. "फक्त सुरुवातीलाच खुर्ची करकरते. दोनदा. तेवढी काढू?"

मी ओरडणारच होते, पण दादाने मला बोटाने गप्प केलं. इस्त्री बटणावर बोट ठेवून त्याच्याकडे बघत थांबला.

"न... नको," दादा म्हणाला. "ती आ... आ..."

आई चादरींचा गठ्ठा घेऊन दारात उभी होती. तिला शब्द कळला होता. ती काही बोलली नाही.

"...आई आहे," दादा म्हणाला.