मालिनीने कापलेलं वाक्य

अमेरिकेत चँडलरला आल्यापासून उपासनाचं डोकं रोज दुखायचं. शेजारची मालिनी तिला सकाळी फिरायला न्यायची आणि निघण्याआधी दोन ग्लास पाणी प्यायला लावायची. "या वाळवंटात तहान लागेपर्यंत थांबायचंच नाही," म्हणायची. दीड महिन्यात डोकेदुखी बरीच कमी झाली. त्याच दिवसांत डॉक्टरांनी उपासनाला बीपीची गोळीही सुरू केली होती.

मालिनी आरोग्याचे छोटे व्हिडिओ टाकायची. तिच्या आग्रहाने उपासना एकदा कॅमेऱ्यासमोर बोलली. सकाळच्या पाण्याने मला बरं वाटतं, पण गोळी मी रोज घेते, तुम्हीही सोडू नका, असं तिने स्पष्ट सांगितलं.

तीन आठवड्यांनी नागपूरहून भावाचा, अनुपचा फोन आला.

"ताई, आई चक्कर येऊन पडली. बीपी दोनशेच्या वर गेलं होतं. आता बरी आहे. पण तिने गोळ्या बंद केल्या होत्या."

"कोणी सांगितलं तिला?"

मग आईच फोनवर आली. "तूच तर सांगितलंस बाई. व्हिडिओत."

उपासनाने तो व्हिडिओ पहिल्यांदाच उघडला. चाळीस सेकंदांचा. ती हसत पाण्याबद्दल बोलत होती आणि खाली ठळक अक्षरं होती: 'बीपीला बाय-बाय!' गोळीचं वाक्य कुठेच नव्हतं.

ती तशीच चपला घालून मालिनीकडे गेली.

"माझं गोळीचं वाक्य कुठे गेलं?"

"अगं, व्हिडिओ लांब होत होता यार. गोळी म्हटलं की लोक पुढे स्क्रोल करतात."

"म्हणजे मुद्दाम कापलंस? माझी आई पडली, मालिनी."

"अरे बापरे. पण मी थोडंच त्यांना गोळ्या बंद करा म्हटलं?"

उपासनाला आपल्या मुलीचं बाळंतपण आठवलं. तेव्हा दीड महिना हिनेच घरी डबे आणून दिले होते. आता आई कशी आहे, एवढंही हिने विचारलं नाही.

मालिनीने व्हिडिओ काढला, तोही तिच्या नवऱ्याने सांगितल्यावर. उपासनाने स्वतः खरं काय ते बोलून दुसरा टाकला. तो फार कोणी पाहिला नाही. मालिनीकडे जाणं तिने बंद केलं.

आईला मात्र ती रोज फोन करायची.

"आई, गोळी घेतलीस ना? सकाळचीच आहे ती."

"अनुपला विचारून घेते मी आता," आई म्हणाली. "ठेवते. जय भीम."