मालनने पाहिलेला पहिला सामना

१९८४ साल. कांजूरमार्गच्या चाळीत, गॅलरीतल्या दोरीवर मालनने सुनेची खेळायची चड्डी झटकून वाळत घातली आणि दोन्ही टोकांना चिमटे लावले. धोंडू पेपर टाकून बाहेर आला.

"ह्या काय गो टांगलंस? लोक बघतायत."

"बघूदेत. तुमची इतकी वर्षं टांगली, तेव्हा कोणी डोळे मिटले नाय."

"माझी गोष्ट वेगळी."

"वेगळी तर. तुमची जास्त मळायची."

आत सुनेने, कुंदाने, हसू दाबलं. लग्नाआधी ती मानखुर्दच्या संघातून कबड्डी खेळायची. रविवारी मुलुंडला एका बँकेच्या संघाची निवड होती. संघात घेतलं की नोकरीही पक्की, आणि वयाची अट पाहता कुंदाची ही शेवटचीच संधी. "बाबांना विचार," म्हणून तिचा नवरा जयवंत मोकळा झाला होता आणि बाबांनी नाही म्हटलं होतं. हे बाबा एके काळी गिरणीच्या संघाची शान. धोंडूने घोटा धरला की चढाईला आलेला गडी जागीच बसायचा. त्या पकडीपायीच गिरणीने त्याला कामावर घेतलं होतं. संपानंतर गिरणी उघडली नाही, आणि धोंडूही घराबाहेर पडेनासा झाला.

मालनने त्याला खेळताना कधीच पाहिलं नव्हतं. तेव्हा घरच्या बायका मैदानावर जात नसत. सोललेल्या गुडघ्यांना हळद-तेल लावताना सामना सोपा गेला की अवघड, तेवढं तिला कळायचं.

रविवारी सकाळी ती चपला घालून दारात उभी राहिली.

"चल गं कुंदा."

धोंडूने पेपर तोंडासमोर धरला. अडवलं मात्र नाही.

मैदानावर कुंदाने चार चढाया झकास केल्या. पाचवीला समोरच्या कोपऱ्यातली एक सावळी मुलगी गुडघे वाकवून, हात मोकळे सोडून, नुसती बघत थांबली आणि क्षणात कुंदाच्या घोट्यावर पडली. मध्यरेषा बोटभर दूर राहिली. पोरी ओरडत होत्या. मालन मात्र सुनेला सोडून त्या पकडणाऱ्या मुलीकडेच बघत राहिली. असेच थांबत असणार आमचे हे, तिला वाटलं.

दोघी घरी आल्यावर धोंडूने निवडीचं विचारलंच नाही.

"चढाईत पहिला पाय कुठला टाकते ही कुंदा?"

"डावा. पण फसवते हो."

"फसवते म्हणजे कशी?"

मालनने पदर खोचला. ट्रंक बाजूला सारली आणि "कबड्डी कबड्डी" म्हणत, डावा पाय नाचवत ती नवऱ्यावर चालून गेली. जमिनीवर बसलेल्या धोंडूचा हात कधी सुटला ते त्यालाही कळलं नाही. घोटा पक्का धरला गेला होता.

"सोडा! सून बघतेय."

त्याने सोडला नाही. तसाच धरून तो कुंदाला म्हणाला, "हे बघ. पाय मागे घ्यायला उशीर करतेस तो इथे. उद्या सकाळी मैदानात ये. चड्डी वाळलीय काय?"

आठवड्याने बँकेचा निरोप आला. कुंदा पुढे त्याच संघाची कप्तान झाली आणि अधिकारी म्हणून निवृत्त झाली. जयवंतने तिच्या सामन्यांच्या दिवसांसाठी भात लावायला शिकून घेतलं. अजूनही तो जरा गिचकाच होतो. धोंडूने शेवटपर्यंत कांजूरच्या पोरींना घोटा धरायला शिकवलं. आणि मालन सत्तरीतही पहिल्या रांगेत बसून पंचांशी इतकी भांडायची, की त्यांनी तिला दोनदा उठवून मागे बसवलं.