दुसऱ्या कडव्यानंतरचा आवाज

मित्रांनो, मी एक जुना म्युझिक प्लेअर आहे, शर्टाच्या खिशात मावणारा. तुमच्यापैकी पुष्कळांनी माझ्यासारखा पाहिलाही नसेल. एके काळी आम्ही भावंडं दुकानाच्या काचेमागे रांगेनं उभी असायचो आणि पोरं काचेला नाक लावून आमच्याकडे बघायची. माझ्या पाठीवर बोटभर स्पीकर होता आणि बाजूला आवाज टिपणारं बारीक भोक. त्या भोकाची मला फार घमेंड होती.

मला एका शिंप्यानं विकत घेतलं. त्याची मुलगी म्हणाली होती, "बाबा, मी भरून देते ना गाणी कंप्युटरवरून." पण त्याला धीर कुठला! रेडिओवर आवडतं गाणं लागलं की तो मला रेडिओपुढे ठेवायचा आणि शिवत बसायचा. त्यामुळे माझ्या पोटात नुसती गाणी गेली नाहीत. मशीनची खडखड गेली, कात्रीची करकर गेली, "बाही दोन बोटं वर घेऊ ना?" हेही गेलं. बायको म्हणायची, "चांगल्या गाण्यांचा बट्ट्याबोळ केलात तुम्ही." तो म्हणायचा, "फुकट ऐकतेस, वर नाक मुरडतेस!" नावेच्या एका गाण्यात तर दुसरं कडवं संपताच तो मोठ्यानं म्हणाला होता, "अगं, चहा टाक."

मग एक दिवस तो एकाएकी गेला. मशीनवर सदरा तसाच अडकून होता, एक बाही लावायची राहिलेली.

त्याच्या बायकोला मुलगी आई म्हणायची, म्हणून मीही आईच म्हणतो. आई रोज दुपारी मला त्या मशीनवर ठेवून गाणी ऐकू लागली. दुसरं कडवं संपलं की रिकाम्या खोलीत चहा मागितला जायचा. आई "टाकते हो" म्हणत उठायची आणि दोन कप भरायची. एक तसाच गार होऊन जायचा. यंत्राला भीती नसते असं लोक म्हणतात. मला मात्र तेव्हा भीती वाटायची. गेलेला माणूस माझ्या पोटातून बोलत होता, आणि त्याला उत्तर मिळत होतं.

मुलीला हे बघवेना. आईला बरं वाटावं म्हणून तिनं मला कंप्युटरला जोडलं आणि एकेक गाणं पुसून त्या जागी त्याच गाण्याची स्वच्छ प्रत भरली. करायला गेली एक आणि झालं भलतंच. बाबांचे शब्द माझ्यातून एकामागून एक निघून जात होते आणि मला ओरडताही येत नव्हतं.

दुपारी आईनं गाणी लावली. कुठे खडखड नाही, करकर नाही. ती बराच वेळ कान देऊन बसली. मग तिनं विचारलं, "अगं, हे कुठे गेले?"

मुलीच्या तोंडचं पाणी पळालं. सुदैवानं नावेचं गाणं तेवढं वाचलं होतं. ते कुणी गायलंय हेच कुणाला ठाऊक नव्हतं, त्यामुळे त्याची स्वच्छ प्रत सापडली नव्हती. बाकीचं परत मिळवायला तिनं माझी वायर शंभरदा काढली, शंभरदा खुपसली. त्या ओढाताणीत वायर लावायची माझी खाचच तुटली. आता मला चार्जही करता येईना.

ती मला दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेली. त्यानं मला उलटंपालटं केलं. "ताई, याचा भाग नाही मिळायचा. हे मॉडेलच बंद केलं कंपनीनं."

"कधी? कुठे वाचलं नाही."

"कुणालाच कळलं नाही. एक दिवस मी माल मागवायला गेलो, तर यादीत याचं नावच नाही. ना जाहिरात, ना निरोप. बॅटरीत आहे तेवढं वाजवून घ्या."

मित्रांनो, माझं कुळ संपल्याची बातमी मला अशी, टेबलावर उताणं पडून कळली. आमच्यासाठी कुणी दोन शब्दही बोललं नाही, याचं मला वाईट वाटलं.

घरी येऊन मुलगी म्हणाली, "आई, बाबा रेडिओपुढे हा प्लेअर ठेवायचे ना, तसा मी याच्यापुढे फोन धरते. एकदाच वाजेल हा. तू तेवढी गप्प बस."

"बसते बाई. मी काय कुक्कुलं बाळ आहे?" आईनं तोंडावर हात धरला.

मी होतं नव्हतं ते बळ लावून गाऊ लागलो. पहिलं कडवं झालं. दुसरं झालं. मशीन खडखडलं.

"अगं, चहा टाक."

"टाकते हो," आई म्हणाली, आणि खुर्ची सरकवून उठली.

मुलीनं डोळे घट्ट मिटले, पण फोन हलू दिला नाही. गाणं कसंबसं शेवटाला पोचलं आणि माझा दिवा विझला. तेव्हापासून मी बटणांच्या डब्यात मुका पडून आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तू टाकायच्या तर खुशाल टाका. त्याआधी एकदा त्यांचं शेवटपर्यंत ऐका, आणि खरखर पुसायची घाई करू नका. तिच्यात तुमचं माणूस असू शकतं.

दुपारी मला डब्यातून ऐकू येतं. फोनमध्ये बाबा चहा मागतात आणि फोनमधलीच आई "टाकते हो" म्हणते. खरी आई मशीनपाशी बसून राहते. चहा मुलगी टाकते, आणि तीन कप भरते.