फुटलेला मोदक

गणपतीपुळ्याच्या रस्त्यावरल्या आपल्या मोदकांच्या दुकानात सुहास पार वैतागला होता, आणि तेही एका मोदकापायी. गिऱ्हाईक बाईंना नैवेद्याला एकवीस मोदक हवे होते. वीस झाले, एकविसावा वाफेत फुटला. बाहेर त्यांची बस हॉर्नवर हॉर्न मारत होती.

सुहासने फट बोटाने दाबून मोदक डब्यात ठेवला. त्याच्या बायकोने, वेदिकाने, तो परत बाहेर काढला.

"अगं, कुणाला दिसणारसुद्धा नाही."

"देवापुढे जायचाय तो," म्हणत ती नवी पारी करायला बसली.

म्हणजे अजून पंधरा मिनिटं. लग्नाला बारा वर्षं झाली तरी धंदा कशाशी खातात हे हिला कळलेलं नव्हतं.

ड्रायव्हर तणतणत आत आला. वेदिकाने फुटक्या मोदकावर तूप सोडलं आणि तो त्याच्यापुढे धरला. त्याने तो खाल्ला, जाऊन इंजिन बंद केलं, आणि मागोमाग अख्खी बस खाली उतरली.

"दादा, ड्रायव्हरने खाल्ला तसला फुटका मोदक द्या," पहिला म्हणाला. मागच्यांनाही तोच हवा होता.

सुहासने कपाळावर हात मारला. समोर चाळीस माणसं, आणि हिच्या हातून दिवसाकाठी मोदक फुटतो तो एकच.